साठ की शहाण्णव

झुराकान नर्स आरोग्य केंद्राच्या हिशेबखोलीत पेट्रोलच्या कागदावर सही घ्यायला आली होती. तिच्यापुढे ठेवला गेला तो भलताच कागद. ती डोंगरातल्या कारा-बुलून गावात लस टोचायला जातच नाही, अर्ध्या वाटेवरून परत फिरते, असं त्यात लिहिलं होतं. कारा-बुलूनमध्ये दोन पोरांना गोवर निघाला होता आणि वर कुणाचं तरी नाव कळवायचं होतं.

एकतीस वर्षांची नोकरी, पेन्शनला एक वर्ष उरलेलं. दोन वर्षांपूर्वी केंद्राची जीप मोडून पडल्यापासून ती स्वतःच्या गाडीने डोंगर पालथे घालत होती. इतकी शिणली होती, की तिला रागसुद्धा धड येईना.

“हे कुणी सांगितलं?”

“तुम्हीच, एजे,” नवी हिशेबनीस मीरगुल म्हणाली. आरोप केला तरी ताई या अर्थाने ‘एजे’ म्हणत थोरलीचा मान तिने राखला. “दर खेपेला साठ लिहिता. अंतराच्या तक्त्यात जाऊन-येऊन शहाण्णव किलोमीटर आहे. साठात वाटेतली खिंड गाठून परत येता येतं, बस.”

“मी गाडीच्या काट्यावर दिसतं ते लिहिते, पोरी. निघताना एक आकडा, आल्यावर एक. वजाबाकी करते आणि देते.”

“मग काटा खोटं बोलतो?”

“मला काय ठाऊक! जायला अडीच तास लागतात, एवढं माहीत आहे. आणि ती दोन पोरं गेल्या आठवड्यात आईबापाबरोबर रशियाहून आली आहेत. विचार की कुणाला!”

जास्त लिहून पैसे उकळणारे ढिगाने सापडतात. कमी लिहून पकडली गेलेली ही एकटीच असावी. आधीच्या म्हाताऱ्या हिशेबनिसाने दोन वर्षं ब्र काढला नव्हता. पेट्रोलचे पैसे कमी द्यावे लागतायत म्हटल्यावर कोण कशाला तोंड उघडेल?

मीरगुल गाडी बघायला अंगणात आली. रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर कुबात तिथे सूर्यफुलाच्या बिया फोडत उभा होता. त्याने खिडकीतून डोकं आत घातलं.

“एजे, ही आणली कुठून?”

“पोराने पाठवली. जॉर्जियाच्या बाजारातून.”

“आणि जॉर्जियात आली अमेरिकेतून. अहो, ही मैल मोजते! कोपऱ्यातली बारीक अक्षरं बघा. साठ मैल म्हणजे तुमचे शहाण्णव किलोमीटर. दोन वर्षं सरकारला फुकट फिरवलंत की! वेगाच्या काट्यावरून तरी कळायचं!”

“त्या रस्त्यावर तिशीच्या वर कोण चालवतं, बाबा?”

कुबात खो खो हसला. झुराकानला हसू आलं नाही. गाडी फार पेट्रोल पिते असं समजून दोन वर्षं ती पगारातून भर घालत आली होती. ते गेलं तर गेलं. पण कारा-बुलूनच्या एका आईला कुणी फोन करून विचारलं नव्हतं, हे तिला फार लागलं.

आत येऊन मीरगुलने तो कागद फाडला. तिची मान खाली होती.

“मागचे पैसे मिळणार नाहीत, एजे. त्या वर्षांचे हिशेब बंद झाले. आणि... खुलासा लिहून द्यावा लागेल. चुकीचे आकडे दिले म्हणून. ताकीद मिळेल, यंदाचा बोनस जाईल.”

“म्हणजे गेले नाही म्हणूनही शिक्षा, आणि गेले म्हणूनही.”

मीरगुलने कोरा कागद पुढे सरकवला. झुराकानने खुर्ची ओढली, सावकाश बसली आणि दोन ओळी लिहिल्या. मी दर खेपेला शेवटच्या घरापर्यंत गेले. आकडे चुकले.

मीरगुलने वाचलं. “एजे, पहिली ओळ लागत नाही. खुलासा फक्त आकड्यांचा हवा.”

“मग दुसरी खोड,” झुराकान म्हणाली. “पहिली राहणार.”