तुळजाजी सरांच्या गळ्यातली शिट्टी

मी एक पितळी शिट्टी. चेन्नईजवळ तांबरमच्या एका शाळेत माझ्या आवाजासरशी पहिली-दुसरीची मुलं जीव टाकून धावत सुटायची.

माझा जन्म मेरठचा. पोटात बुचाची गोळी घालून मला खोक्यात बंद केलं, ते खोकं उघडलं चेन्नईतल्या दुकानात. तुळजाजी सरांनी विकत घेण्याआधी मला तीनदा फुंकून पाहिलं. दुकानदार वैतागला. त्या गोष्टीला बावीस वर्षं झाली. सरांच्या घामानं माझी चकाकी केव्हाच गेली.

सर तंजावरकडचे. घरी मराठी, मैदानात तमिळ, वहीत इंग्रजी. व्यायामाच्या मास्तराला वही कशाला, असं बाकीचे शिक्षक चिडवत. पण सर सगळं लिहीत. कोण किती धावलं, कोण पडलं, कोणाचं ढोपर फुटलं. नुसतं खरचटलं तरी तारीख घालून.

पूर्वी मधली सुट्टी वीस मिनिटांची होती. दोन वर्षांपूर्वी ती दहावर आली. उरलेल्या वेळात गणिताचा सराव.

यंदा दुसरीत श्रीरंजनी आली. आईवडील दोघेही ओरगडमच्या कारखान्यात, पोर संध्याकाळभर फ्लॅटमध्ये मोबाइलसमोर. मैदानाची पाव फेरी झाली की ती मटकन बसे आणि म्हणे, "पोदुम, सार." म्हणजे पुरे. तिचं घरही मराठी, म्हणून सर तिच्याशी मराठीत बोलत. कुंपणाच्या खांबांपर्यंत तिला पळवत, रोज एक खांब पुढे. तिची फेरी पुरी व्हायला दोनच खांब राहिले, पण दहा मिनिटांत सरांना सगळ्या मुलांकडे पाहणं जमेना.

म्हणून सर वही घेऊन मुख्याध्यापिका कीर्तना मिसकडे गेले. मुलांचा दम कसा वाढतोय ते वहीत दिसेल, वीस मिनिटं परत मिळतील, अशी त्यांची खात्री होती.

मिसनी वही दोन दिवस ठेवून घेतली. धावण्याचे आकडे त्यांनी पाहिले नाहीत, पडण्याचे मोजले. वर्षात एक्केचाळीस ढोपरं, नऊ कोपरं, एक दात. दात आधीच हलत होता, हेही सरांनी लिहिलं होतं.

"सार, अक्षर तुमचंच ना?"

"माझंच."

"पालकांनी हे पाहिलं तर मी काय सांगू?"

सर अंगठ्यानं मला पुसत राहिले.

सोमवारपासून मैदान बंद झालं. मुलं आता वर्गातच डबा खातात, मग ओठांवर बोट ठेवून बसतात. मैदानात शाळेच्या बस उभ्या असतात. बस मागे घेताना मी तुटक वाजते, थांबवताना लांब. मैदान परत उघडा, अशी विनंती करावी असं माझ्या पुष्कळदा मनात येतं. पण कोणाला करू? मिसना पालकांची भीती, पालकांना ढोपरांची.

काल श्रीरंजनी बसची दुसरी पायरी चढून थांबली. दांडा धरून धापा टाकत होती. मागची रांग खोळंबली. सरांनी तिचं दप्तर घेऊन वर ठेवलं. तिनं वळून विचारलं, "सार, उद्या पळायचं?"

ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. सरांनी तिच्याकडे न पाहता मला ओठांत धरलं आणि बस सोडली.