दम ऐकणारा माणूस

"पण सर, पंचाने बाद दिला म्हणून खेळाडू बाद होतो, की तो बाद झालेलाच असतो म्हणून पंच तसा देतो?" सीमाने विचारलं.

परबांनी बुटाची नाडी बांधताबांधता वर पाहिलं. "मॅडम, ह्याच्यावर पीएचडी देतात?"

"खेळाचं तत्त्वज्ञान, सर. तीन वर्षं झाली."

"मग लिवा. पंचाने दिला म्हणजे बाद. बाकीची चर्चा टपरीवर!"

टेबलावर गुण लिहायला बसलेला राजरत्न फस्सकन हसला. वीस वर्षं तो परबांचे निर्णय कागदावर उतरवत होता. एकही खोडायची वेळ आली नव्हती.

शिवडीच्या गोदामात गुणाजी परब चाळीस वर्षं 'ए परब' होते. गळ्यात शिट्टी पडली की 'सर'. एकतीस वर्षांत त्यांचे दोनच सामने चुकले, दोन्ही पोरांच्या जन्मापायी. तिसरं मूल नको, असं ते तेव्हाच म्हणाले म्हणतात. त्यांचं नाव होतं ते कानासाठी. चढाई करणाऱ्याने एका दमात 'कबड्डी, कबड्डी' म्हणत राहायचं. दम तुटला की बाद. हल्ली अर्ध्या मिनिटाचं घड्याळ आलंय, तसे बाकीचे पंच घड्याळ बघतात. परब ऐकत. कमरेत वाकून, खेळाडूच्या अंगाअंगाने, डॉक्टर छाती तपासतो तसे.

भोईवाड्यातल्या मैदानावर मुलींचा उपांत्य सामना. बरोबरी, दोन मिनिटं बाकी. अपेक्षा चढाईला गेली, दोघींना शिवली, परत वळली, आणि शिट्टी वाजली.

"दम तुटला! बाद!"

"चालू होता, सर! आईशप्पथ चालू होता!"

तिला अडवायला सगळ्यात जवळ आलेली कालिंदी खाली बघत गप्प उभी होती. फायदा झालेली पोर गप्प राहते, तेव्हा परबांना ते फार मोठ्याने ऐकू येतं.

मुख्य पंच तेच, शब्द शेवटचा. नुसता हात केला असता तरी भागलं असतं. पण अपेक्षा त्यांच्या डाव्या बाजूने गेली होती, आणि दोन महिन्यांपासून आपण फोन उजव्या कानाला का लावतो, हे त्यांनी घरात बायकोला, लक्ष्मीवहिनींनाच काय, स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

त्यांनी खेळ थांबवला.

"इकडे ये गो. डाव्या अंगाला उभी रव." उजव्या कानात बोट घालून त्यांनी डोळे मिटले. "आता म्हण. चढाईत म्हणतेस तसंच."

मैदान चिडीचूप. अपेक्षाने सुरुवात केली. पार मागच्या रांगेत सीमाला ऐकू येत होतं.

"लाजतेस काय?" परब ओरडले. "म्हण ना!"

अपेक्षाचे डोळे भरून आले, पण तिने दम सोडला नाही. शेवटी राजरत्न टेबलावरून उठून आला आणि त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. परबांनी डोळे उघडले. समोर पोरीचे ओठ हलत होते.

कानातलं बोट त्यांनी सावकाश काढलं.

"हिचे दोन गुण लिही. माझा निर्णय खोड."

"सर, तुमचं मी कधी खोडलं नाय."

"मग आज खोड. आणि पंच बदलला म्हणून लिही."

शिट्टी काढून त्यांनी आनंदा नावाच्या दुसऱ्या पंचाच्या हातात दिली. तो घेईना, तेव्हा दरडावून दिली. मग सरळ चालत प्रेक्षकांत आले. सीमाने बाकावर सरकून जागा केली.

शेवटची चढाई कालिंदीची. चौघीजणी तिच्या पाठीवर, तरी ती मधल्या रेषेकडे सरपटत राहिली. बोट वीतभर कमी पडलं. तिचा संघ हरला, पण मैदानाने तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

पंचाने कुणासाठीच टाळी वाजवायची नसते. परबांचे हात बराच वेळ गुडघ्यांवरच होते. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्यावर त्यांनी एक वाजवली, मग दुसरी. आणि कुणी हरकत घेतंय का, म्हणून आजूबाजूला पाहिलं.