वैजयंतीच्या नावाचा सातबारा

माझ्या बायकोला जमीन घ्यायची होती आणि मला घ्यायची नव्हती, इथूनच सांगायला हवं. कारंजा डेपोत बत्तीस वर्षं तिकिटं फाडून मी निवृत्त झालो. हाती आलेले पैसे बँकेत ठेवावेत आणि व्याजावर चहा प्यावा, एवढीच माझी झेप. वैजयंतीने मात्र वर्षभर एकच धोशा लावला होता. जऊळक्याच्या अलीकडे एका तलावाच्या काठी कोणीतरी शेत वीस-वीस गुंठ्यांचे तुकडे करून विकायला काढलं होतं. नागपूर-पुण्याचे लोक गाड्या घेऊन येत, पाणी पाहून खूश होत आणि फार्महाऊससाठी विसार देऊन जात. दलाल उदयसिंग प्रत्येकाला सांगायचा की घेऊन ठेवा, दहा वर्षं हात लावू नका, मग भाव काढा.

आमच्या मुलीला, निकिताला, वैजयंतीने फोनवर हेच गणित ऐकवलं. दहा वर्षं, तिप्पट भाव, म्हातारपणाची सोय. मला मात्र ती खरं बोलली.

"दोन खोल्या बांधू. एक सुटीत येनाऱ्या लोकायले भाड्यानं देऊ. पन मले सकाळी उठून आपल्या वावरात उभं राह्याचं हाय. लग्नाले छत्तीस वर्सं झाली, मी दुसऱ्याच्याच गच्चीवर कपडे वाळू घालून राह्यली."

माझे वडील शिंपी. आमच्या सात पिढ्यांत कोणाच्या नावावर तळहाताएवढी जमीन नव्हती. मी तिला शेतकऱ्याच्या घरातून उचलून भाड्याच्या घरात आणलं आणि पुढे घरं बदलत राहिलो, एवढंच.

तलावाकडचा कोपऱ्यातला तुकडा तिने पसंत केला. उदयसिंग नकाशा दाखवत होता, पण तिने नकाशाकडे पाहिलंही नाही. चपला हातात घेऊन ती चारही बाजूंनी पावलं मोजत फिरली. इथे विहीर नको, इथे तूर चांगली येईल, इथे खोल्या. अठ्ठावन्न वर्षांची गुडघेदुखीची बाई ढेकळांतून अशी चालताना पाहिली आणि माझा विरोध तिथेच संपला.

मग उदयसिंगने कागद मागितले.

"सायेब, शेतजमीन हाय. शेतकऱ्यालेच घेता येते. तुमच्या दोघातून कोनाच्या नावानं सातबारा हाय?"

"मी शेतकऱ्याचीच पोरगी हाय," वैजयंती तोऱ्यात म्हणाली. "अनसिंगले आमचं आठ एकर वावर हाय."

"बरोबर हाय बाई. पन चालू सातबाऱ्यावर तुमचं नाव हाय का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मला ते वर्ष आठवलं. सासरे गेले आणि महिन्याभरात तिचा धाकटा भाऊ जगदेव तिला वाशिमला घेऊन गेला. तिथे तिने वडिलांच्या वावरातल्या आपल्या हिश्शाचं हक्कसोडपत्र करून दिलं. आमच्याकडे बहिणी हे करतातच. हिस्सा मागणाऱ्या बहिणीला पुन्हा माहेरचा उंबरा नाही, असा सगळा मामला. मी नुसतं म्हटलं होतं, जरा विचार कर. तर बाई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ते वावर त्यानं कसाव, मी पाह्याले जाईन, एवढं बस झालं मले." सही करून आली तेव्हा तिचा चेहरा फुलला होता. त्या सहीबरोबर आपण शेतकरीही उरलो नाही, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मलाही ठाऊक नव्हतं.

वाट उदयसिंगनेच सुचवली. भावाने थोडी जमीन बक्षीसपत्राने हिच्या नावावर करायची. सातबाऱ्यावर नाव चढलं की शेतकरी असल्याचा दाखला मिळतो. आपली खरेदी झाली की ती जमीन भावाला परत लिहून द्यायची.

"जगदेव हो म्हनन," वैजयंती म्हणाली. "माह्या शब्दाबाहेर नाई तो."

अनसिंगला पोहोचेपर्यंत बसमध्ये तिने काय बोलायचं ते तीनदा घोकलं. भावजय तुळसाबाईंनी वांग्याची भाजी-भाकर केली होती. जेवणं झाल्यावर वैजयंतीने सगळं सांगितलं, परत लिहून द्यायचंही दोनदा सांगितलं. जगदेवने शेवटपर्यंत ऐकलं आणि मुलाकडे, पवनकडे पाहिलं.

"आत्या, सध्या वावराचे कागद हलवाचे नाईत," पवन म्हणाला.

"काहून?"

"नाई हलवाचे, बस."

"ताई, तू दुसरं काई बी मांग," जगदेव खाली पाहत म्हणाला.

"दुसरं मी कधी काय मांगतलं तुले?"

तुळसाबाई भांडी उचलून आत गेल्या. जगदेव आम्हाला सोडायला स्टँडवर आला आणि बस हलेपर्यंत खिडकीखाली उभा राहिला, पण त्याने मान वर केली नाही.

परत येताना ती म्हणाली, "पवननं अडवलं. जगदेव तसा नाई." माझं डोकं फिरलं होतं. मी म्हटलं, "मी जल्मभर फुकटे प्रवासी ओळखले, तुहा भाऊ त्यातलाच." हे बोलायला नको होतं. मंगरूळपीर येईपर्यंत ती पदराने डोळे पुसत होती आणि मला स्वतःची लाज वाटत होती.

तलावाकाठचा तो कोपरा आमच्यासाठी थांबला नाही. उदयसिंगने वाट पाहिली, मग नागपूरच्या एका डॉक्टरला दिला. वैजयंती म्हणाली, दुसरा तुकडा पाहू, जगदेवचं मन वळेपर्यंत.

दोन महिन्यांनी एका रविवारी जगदेव आणि पवन न कळवता आमच्या दारात उभे राहिले. पवनच्या काखेत फाईल होती. ती पाहून वैजयंती लगबगीने पुढे झाली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "पाहा, आला का नाई?" तिने आधार कार्ड आणि दोन फोटो टेबलावर आणून ठेवले, कोणी मागितले नसताना. मग गॅसवर तेल ठेवायला आत वळली.

"आत्या, आधी बसा," पवन म्हणाला.

आठ एकर वावराचा सौदा झाला होता. पुण्याच्या कोणाला तिथे रिसॉर्ट काढायचं होतं, मागे टेकडी, पुढे नाला, जागा त्यांना मनासारखी वाटली होती. हक्कसोड झालेलं असलं तरी पुढे कटकट नको म्हणून त्यांच्या वकिलाने बहिणीची संमती मागितली होती. ते संमतीपत्र घेऊन हे दोघे आले होते.

"वावर इकलं?" तिने विचारलं.

"पवनले वाशिमले दुकान टाकाचं हाय, ताई. त्याले शेती कराची नाई. मी एकटा किती दिवस करू?" जगदेव म्हणाला. "तवा तुहं नाव लावलं असतं तं सौदा मोडला असता. सांगाची हिंमत नाई झाली."

मी म्हटलं, सही करू नकोस. चांगला आवाज चढवूनच म्हटलं. तिने मला हाताने बसवलं.

"मी ते वावर तुले इकाले नोतं सोडलं, जगदेव."

"मले समजते."

"मंग?"

तो रडू लागला. लहान भाऊ रडतो तसाच, तोंड लपवून. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही, हे मी छत्तीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. चष्मा लावून तिने कागद ओढून घेतला आणि मोठ्याने वाचायला लागली. लिहून देणार सौ. वैजयंती, वय अठ्ठावन्न, धंदा शेती, राहणार कारंजा.

ती थांबली. 'धंदा शेती' पुन्हा वाचलं, आता हळू. टाइप करणाऱ्याने जगदेवच्या कागदावरचाच मजकूर पुढे उतरवला असावा.

पवनने वाकून पाहिलं. "हे चुकलं, आत्या. वकील म्हनन, हे बाई कोन्ती शेती करते? त्याच्यावर रेघ मारा, वर घरकाम लिहा आनि बाजूले बारीक सही करा."

"राहू दे ना रे तेवढं," जगदेव म्हणाला.

"बाबा, कागद वापस येईन."

वैजयंतीने माझ्या खिशातला पेन काढून घेतला. 'शेती'वर रेघ मारली, वर घरकाम लिहिलं, बाजूला बारीक सही केली. मग खाली मोठी सही केली.

"आनखी कुठं खोडाचं असन तं सांग," ती पवनला म्हणाली.

त्याने पानं उलटून पाहिली आणि नाही म्हणाला.