वाक्यात उपयोग

देवयानीने फळ्यावर चौथा शब्द लिहिला आणि मार्करला टोपण लावलं. क्वॅक, कॉनमन, इम्पोस्टर, डूप. पहिला म्हणजे खोटा डॉक्टर, दुसरा विश्वास कमावून गंडवणारा, हे तिने हिंदीत समजावून सांगितलं. चौथा मात्र फसवणारा नव्हे, फसणारा. तिसऱ्यावर, म्हणजे तोतयावर, ती थांबलीच नाही.

"तिसरा राहिला, मॅडम," मागच्या बाकावरून अबोली मराठीत म्हणाली.

चंडीगडच्या सेक्टर ३४ मधल्या त्या क्लासात मराठी कळणाऱ्या दोघीच होत्या. बाकीची मुलं मोहाली, पिंजौरकडून येणारी. परदेशी जाण्यासाठी इंग्रजीची परीक्षा देणारी. अबोली सांगलीहून आली होती. इमारतीखालच्या क्लासच्या पाटीवर देवयानीचा फोटो होता आणि त्याखाली लिहिलं होतं, 'लंडनमध्ये शिकलेल्या'. मराठी बाई आहेत, तिकडे राहून आल्यात, म्हणून वडिलांनी नर्सिंगची मिळालेली जागा सोडायला लावून तिला इथे धाडलं. परीक्षेत ती दोनदा नापास झाली. दोन्ही वेळा देवयानीने तिला घरी जेवायला बोलावून धीर दिला होता.

काल महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात अबोलीने देवयानीच्या नवऱ्याला, दामोदरला, लंडनबद्दल सहज विचारलं. तो मनापासून हसला. हिला कसलं लंडन, म्हणाला, माझी बदली झाली म्हणून चंडीगड तरी पाहिलं.

"इंग्रजीत विचार," देवयानी म्हणाली.

"नाही. हे मला मराठीतच विचारायचंय." अबोली उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही माझ्या वडिलांशी फोनवर बोललात. 'मी लंडनमध्ये चार वर्षं काढलीत', असं सांगितलंत. मी शेजारी बसून ऐकत होते."

पाटी संचालकांनी लावली, इथे सगळेच लावतात, असं देवयानी हलक्या आवाजात म्हणाली.

"फोन संचालकांनी केला नव्हता. तुमच्या हातचं जेवले मी, त्याची आता किळस येते." तिने वही पिशवीत कोंबली. "यातला तुमचा शब्द कोणता, तेवढं सांगा. मी निघते."

मुलं एकीकडून दुसरीकडे बघत होती. सूर त्यांना कळला होता, शब्द नाही.

"क्या बोली, मॅम?" पहिल्या बाकावरच्या सरोजने विचारलं.

अबोलीची तब्येत बरी नाही, एवढं म्हणणं पुरलं असतं. देवयानीने तोंड उघडलंही. मग तिने मार्कर टेबलावर ठेवला, साडीचा पदर सारखा केला आणि संथपणे, एकेक शब्द सुटा करत, इंग्रजीत सांगितलं: आमच्या शिक्षिका कधीच लंडनला गेलेल्या नाहीत. त्या इम्पोस्टर आहेत.

दाराशी पोचलेली अबोली थांबली.

वर्गात कुणी हसलं नाही, कुणी चमकलंही नाही. माना खाली गेल्या आणि एकवीस पेनं चालू लागली. नव्या शब्दाचा वाक्यात उपयोग रोजच असायचा.

सरोजने हात वर केला. इम्पोस्टरच्या आधी 'अ' लावायचा की 'ॲन', असं तिने विचारलं.

"ॲन," देवयानी म्हणाली.