मंजुळाबाई सरकुलर शिकली

शनिवारी दुपारी छोटा हत्ती वस्तीवर आला, तेव्हा मंजुळाबाई शेळ्यांना पाणी दाखवत होती. टेम्पोत कंपनीतून बाद झालेली लाकडी पॅलेटं पार टपापर्यंत रचलेली. पुढं ड्रायव्हरशेजारी तिची लेक अक्षदा, मांडीवर एक निळी पेटी सांभाळत बसलेली.

देवगाव रंगारीच्या अलीकडं, डोंगराच्या कडेला आठ घरांची ही धनगरांची वस्ती. दिवाळी झाली की मंजुळाबाईचा नवरा सोनाजी मेंढ्यांचा वाडा घेऊन पैठणकडं उतरायचा, तो पावसाच्या तोंडावरच माघारी यायचा. घरी उरायची मंजुळाबाई आणि तिच्या चौदा शेळ्या. गेल्या पावसाळ्यात गोठ्यात घोट्याएवढा चिखल झाला. शेळ्यांची खुरं सडली, तीन करडं गेली. त्यातल्या एकानं तर मंजुळाबाईच्या मांडीवरच मान टाकली. तेव्हापासून तिनं मनाशी धरलं होतं, की काय वाट्टेल ते होवो, शेळ्या जमिनीवरून उचलायच्या. अक्षदानं मोबाइलवर तिला एक व्हिडिओ दाखवला होता. कमरेएवढ्या उंचीवर पट्ट्यांचं मचाण, वर शेळ्या कोरड्या, लेंड्या आणि मूत फटींतून खाली. मंजुळाबाईनं तो व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला, की त्यातल्या शेळ्यांना तिनं नावंसुद्धा ठेवली.

अक्षदा शहरातल्या आयटीआयमधून सुतारकाम शिकून आता शेंद्र्याला खोकी आणि पॅलेटं बनवणाऱ्या एका कारखान्यात कामाला होती. बाद माल तिनं शेठकडून मागून घेतला. निळ्या पेटीतलं मशीनही त्याचंच. सोमवारी सव्वीस जानेवारीची सुट्टी होती, म्हणून मंगळवारी सकाळपर्यंत त्यानं ते दिलं होतं.

"हे काय गं?" मंजुळाबाईनं पेटी उघडलेली पाहून विचारलं.

"सर्क्युलर सॉ. गोल करवत म्हण."

"सरकुलर," मंजुळाबाईनं शब्द तोंडात घोळवून पाहिला. ताटलीएवढं गोल पातं, त्याला वाघाच्या दातांसारखे दाते. तिनं बोट पुढं केलं, तसा अक्षदानं तिचा हात धरला.

"हात नाय लावायचा. तू पॅलेटं उसव आणि खिळे काढ. कापायचं मी बघते."

मंजुळाबाईनं मुकाट्यानं पहार उचलली. पण अक्षदानं मशीन चालू केलं आणि तिच्या अंगावर काटा आला. एवढा मोठा आवाज! डोंगरावर आदळून तो परत आला. शेळ्या दावणीला ओढ घेऊ लागल्या, कोंबड्या उधळल्या, आणि हाताच्या करवतीनं ज्याला अर्धी घटका लागली असती ती फळी डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच दोन तुकडे होऊन पडली. भुशाचा कसा गोड वास सुटला. मंजुळाबाई पहार हातात तशीच धरून उभी.

चार फळ्या झाल्या, आठ झाल्या. बाराव्या फळीला तिच्यानं राहवेना.

"अक्षे, मला दे."

"माय, नाय. बोटं जात्यात."

"तुला पहिल्यांदा विळा दिला तव्हा तू केवढी होतीस? दिला का नाय मी?"

"विळ्याला वायर नसती."

"मग वायरचं शिकव. तू तिकडं कारखान्यात, मी इथं. उद्या एक पट्टी मोडली तर मी काय सुट्टीची वाट बघत बसू?"

अक्षदानं मशीन बंद केलं, प्लग काढला आणि आईकडं नीट पाहिलं. चाळीस-पंचेचाळीसची बाई, उन्हानं रापलेली, अन् डोळे मात्र जत्रेतल्या पोरीसारखे चमकत होते.

"मी सांगीन तसंच करायचं. आपल्या मनाचं काय नाय."

"व्हय मास्तरीणबाई."

पहिली अडचण बांगड्यांची. अक्षदा म्हणाली, काढ. मंजुळाबाई म्हणाली, तुझा बाप मेंढरांमागं रानोमाळ हिंडतोय आणि मी बांगड्या उतरवू व्हय? शेवटी बांगड्या वर सरकवून फडक्यानं गच्च बांधल्या, वरून सोनाजीचा पूर्ण बाह्यांचा सदरा घातला, मनगटाची बटणं लावली. पदर कमरेला खोचला, केस बांधले. डोळ्यांवर अक्षदाचा चष्मा आला, तेव्हा शेजारची मुक्ताबाई कुडावरून हसत म्हणाली, "मंजुळा, मोटरसायकलवर निघालीस काय गं?"

मग शिकवणी सुरू झाली. प्लग काढलेला असतानाच मशीन दोन्ही हातांनी कसं धरायचं, हे अक्षदानं वीस वेळा करून घेतलं. पातं फळीच्या खाली फक्त दाताएवढंच उतरू द्यायचं. फळी दोन ओंडक्यांवर ठेवायची, पण कापायची ओंडक्याच्या बाहेर, म्हणजे तुकडा सुटून खाली पडतो. मधोमध कापली तर फळी वाकते आणि पात्याला चिमटा बसतो.

"चिमटा बसला की काय होतं?"

"मशीन मागं उसळतं. सरळ तुझ्या अंगावर. म्हणून त्याच्या मागं उभंच राहायचं नाय, बाजूला राहायचं."

मंजुळाबाईनं मान डोलावली. "एडक्यासारखं. टक्कर द्यायला आला तर त्याच्या समोर कोण उभं राहतं? बाजूनं शिंग धरायचं."

अक्षदा हसली. आयटीआयच्या सरांना हे सांगायला तीन तास लागले होते.

काटकोनाचा गुण्या लावून रेघ मारली. प्लग लागला. मंजुळाबाईनं खटका दाबला आणि मशीन हातात जिवंत झालं. ओढाळ खोंड पहिल्यांदा दाव्याला झोंबतं तसं. तिनं घाईनं ते फळीवर लोटलं, रेघ कुठं, पातं कुठं, काही कळेना, फळी थरथरली, मशीननं एक गचका दिला आणि मंजुळाबाई "अगं माय!" म्हणून दोन पावलं मागं सरली. खटका सुटला, पातं थांबलं. फळीवर वाकडीतिकडी खाच.

"लागलं का?" अक्षदाचा चेहरा उतरला होता.

"नाय." मंजुळाबाईनं हात पुढं मागं करून बोटं मोजली आणि एकदम हसत सुटली. "लई जोर हाय गं याच्यात! परत एकदा."

"तू ढकलतीयस, माय. ढकलायचं नाय. आधी पातं पुरं फिरू दे, मग लाकडाला लाव. त्याला खाऊ दे. तू नुसतं वाट दाखव."

दुसरी फळी तिरकी गेली. तिसरी सुरुवातीला नीट गेली आणि शेवटी घसरली. अंधार पडेपर्यंत नऊ फळ्या वाया गेल्या. अक्षदा त्या चुलीसाठी बाजूला रचत राहिली, एका शब्दानं बोलली नाही. दहावी फळी मात्र रेघेवरून गेली. अगदी शेवटपर्यंत. तुकडा टपकन खाली पडला, मंजुळाबाईनं तो उचलला, गुण्याला लावून पाहिला आणि मुक्ताबाईच्या घराकडं धावली. "मुक्ते, बघ! बघ की! कुठं उजेड दिसतो का मधून?"

रविवारी सकाळी भाकरी न खाताच दोघी कामाला लागल्या. अजून शहाण्णव पट्ट्या हव्या होत्या. अक्षदा रेघा मारून फळ्या लावायची, मंजुळाबाई कापायची. दहा वाजेपर्यंत तीस झाल्या. तिचा हात बसत चालला होता. आता तिला आवाजही कळायला लागला होता. मोकळं पातं कसं गातं, लाकडात शिरल्यावर कसं घुमतं, गाठ आली की कसं कण्हतं. आजारी शेळी ती श्वासावरून ओळखायची, तसंच हे.

पंचेचाळिसाव्या फळीला खाडकन आवाज झाला. ठिणग्या उडाल्या. मंजुळाबाईनं तत्काळ खटका सोडला. लाकडाच्या पोटात एक डोकं तुटलेला खिळा दडून बसला होता. अक्षदानं प्लग काढून पातं फिरवून पाहिलं. तीन दाते गेले होते.

"खिळे मीच काढले होते," मंजुळाबाई हळू आवाजात म्हणाली.

"वरून दिसतच नव्हता तो. तुझा काय दोष?" पण अक्षदाही मटकन खाली बसली. दुसरं पातं नव्हतं. रविवार, उद्या सव्वीस जानेवारी. दुकानं बंद. परवा सकाळी मशीन परत.

मंजुळाबाई उठून चपला घालायला लागली. "कडुबाकडं बघू."

कडुबा सुतार गावात मारुतीच्या पारामागं राहायचा. दोघी गेल्या तेव्हा तो अंगणात एका लांबलचक सागवानी फळीवर हातकरवत घेऊन घामाघूम झालेला. दाराच्या फळ्या उभ्या चिरायच्या होत्या. गिऱ्हाइकाकडं लग्न होतं आणि कडुबाच्या मशीनची मोटार चार दिवसांपूर्वी जळाली होती.

"पातं हाय की," त्यांची अडचण ऐकून तो म्हणाला. "कोरं पडलंय. सात इंचीच. पण वैनी, मशीन तुमच्याकडं, पातं माझ्याकडं. पातं घेऊन जा, पण आधी माझ्या या तीन फळ्या चिरून द्या."

अक्षदानं बाह्या सरसावल्या. "मी देते काका."

"थांब," मंजुळाबाई म्हणाली.

ती वाकून त्या सागवानाकडं पाहत होती. फळीवर गेरूच्या दोऱ्यानं मारलेली लाल रेघ होती, सहा फूट लांब, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. एवढी लांब रेघ तिनं कधी कापली नव्हती. पण हात शिवशिवायला लागले.

"मी कापते."

"माय, हे पॅलेट नाय. सागवान हाय दुसऱ्याचं."

"दिसतंय मला." मग ती कडुबाकडं वळली. "भाऊजी, कालपास्नं शिकतीय मी. खोटं नाय सांगत. चव्वेचाळीस पट्ट्या सरळ कापल्या. तुम्ही नाय म्हणला तर अक्षदा कापंल."

कडुबानं तिच्या सदऱ्याकडं, बांधलेल्या बांगड्यांकडं, कपाळावर सरकवलेल्या चष्म्याकडं पाहिलं. मग तो म्हणाला, "त्यातली एक फळी चार बोटं जास्तीची रुंद हाय. ती आधी घ्या. चुकली तरी निभंल. आणि अर्ध्यात आलात की थांबा. उभ्या चिरण्यात फळी मागून मिटती, पात्याला धरती. मी पाचर ठोकीन."

घरून मशीन आणलं. अक्षदानं पातं बदललं, त्याची खोली बसवली आणि बाजूला झाली. पारावरची दोन म्हातारी माणसं उठून अंगणाच्या तोंडाशी आली. मंजुळाबाईनं चष्मा खाली ओढला, बाजूला पाय रोवले, दोन्ही हातांनी मूठ धरली. खटका. पातं पुरं फिरेपर्यंत ती थांबली. मग लाकडाला लावलं.

सागवान पॅलेटांच्या पाइनसारखं भुसभुशीत नव्हतं. ते घट्ट होतं, पातं त्यात सावकाश जात होतं. तिनं ढकललं नाही. लाल रेघ पात्याखाली येत होती आणि दुभंगत होती, एवढंच तिला दिसत होतं. एक फूट, दीड, अडीच. मग आवाज बदलला. फार नाही, किंचित खाली उतरला, गळ्यात काहीतरी अडकल्यासारखा. कडुबानं "थांबा" म्हणायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात मंजुळाबाईनं खटका सोडलेला होता. पातं पुरं थांबेपर्यंत तिनं मशीन जागचं हलवलं नाही.

"पाचर," ती म्हणाली.

कडुबानं मागच्या फटीत पाचर ठोकली. ठोकता ठोकता अक्षदाला म्हणाला, "आवाजावरून कळलं हिला. मला हे कळायला वर्ष लागलं होतं."

मंजुळाबाईनं मशीन बोटभर मागं घेतलं, पुन्हा चालू केलं. पातं फिरलं, गायलं, आणि उरलेली रेघ ती एका दमात चिरत गेली. फळीचे दोन भाग झाले, तेव्हाच तिनं खटका सोडला. कडुबानं दोन्ही भाग उचलले, एका डोळ्यानं कडेवरून नजर टाकली, उलटे करून परत टाकली.

"रंधासुद्धा जास्त मारावा लागायचा नाय," तो म्हणाला. "बाकीच्या दोन घ्या वैनी."

अक्षदा आईला मिठीच मारणार होती, पण मंजुळाबाई तोवर दुसऱ्या फळीकडं निघाली होती.

सोमवारी पहाटेपासून वस्तीवर मशीन गात होतं. झेंडावंदन उरकून कडुबा स्वतःहून आला, बाभळीचे खुंट रोवायला हात लावला. अक्षदानं आडवे वासे बसवले. मंजुळाबाईनं उरलेल्या बावन्न पट्ट्या कापल्या, आणि दोन जास्तीच्या, नुसत्या हौसेखातर. प्रत्येक फटीत अर्ध्या इंचाची काडी धरून पट्टी ठोकायची, म्हणजे लेंडी पडेल पण करडाचा पाय अडकणार नाही. उन्हं कलताना मचाण उभं राहिलं.

शेळ्या मात्र चढेनात. फळीच्या उतरणीशी येऊन हुंगायच्या आणि माघारी फिरायच्या. शेवटी मंजुळाबाई स्वतः वर चढली, मधोमध बसली आणि बोरीचा पाला हातात धरून त्यांना बोलवायला लागली. तेवढ्यात अक्षदानं सोनाजीला व्हिडिओ कॉल लावला.

"हे काय, कुठं बसलीस?" पलीकडून सोनाजी. त्याच्या मागं सगळ्या मेंढ्याच मेंढ्या.

"मचाणावर. आपल्या."

"कापलं कोणी एवढं?"

"मी. सरकुलरनं."

सोनाजीनं मान वळवून कुणाला तरी हाक मारली, "आप्पासाहेब, अवं इकडं या! ही काय म्हणती ऐका!" आणि स्क्रीनवर दोन फेटे अन् एक मेंढीचं तोंड एकदम घुसलं.

त्या गडबडीत काळी शेळी उतरणीवरून टकटक चढून वर आली. पाला तोंडात घेतला. मागोमाग दुसरी, तिसरी, मग करडं उड्या मारत. मंजुळाबाई वाकून पट्ट्यांकडं पाहत होती. काळीनं शेपूट वर केलं. चार-पाच लेंड्या पट्टीवर पडल्या, घरंगळल्या आणि फटीतून खाली गेल्या.

"पडली!" मंजुळाबाई मचाणावर उभी राहून ओरडली. "अवं, पडली खाली! अक्षे, दाखव ह्यांना, फोन खाली कर, दाखव की!"