धाकट्याचा मागचा ॲक्सल

गॅरेजच्या फरशीवर आडवा पिवळा पट्टा मारलेला होता. पट्ट्याच्या भिंतीकडे थोरला, दाराकडे धाकटा. दोघे सख्खे भाऊ, धंदा एक, दारावरची पाटी एक, आणि बोलणं बंद. आलेली गाडी तोंड भिंतीकडे करून अशी उभी करायची की पट्टा बरोबर तिच्या पोटाखालून जाईल. पुढची अर्धी गाडी थोरल्याची, मागची अर्धी धाकट्याची. ब्रेक लागला नाही आणि गाडी पुढे आपटली तर थोरला बघणार; जास्तच लागला आणि मागून कुणी ठोकलं तर धाकटा. गिऱ्हाइकांनाही सवय झाली होती. काय करतील बिचारी!

आता हे सगळं कशावरून, तर एका लाकूडवाल्याच्या गाडीवरून. त्याने मोठे टायर घातले होते. मोठा टायर फिरवायला इंजिनाला जड जातो, म्हणून ॲक्सलच्या, म्हणजे दोन चाकांमधल्या दांड्याच्या, आतली दात्यांची जोडी बदलावी लागते. थोरला म्हणाला, चार-छप्पन्नची घाल, म्हणजे इंजिनाकडून येणारा शाफ्ट साडेचार वेळा फिरला की चाक एकदा फिरेल, गाडी पळेलही आणि ओढेलही. धाकटा म्हणाला, छे, चार-अठ्ठ्याऐंशीच पाहिजे, शाफ्टला पाचेक फेरे पडले तर पडू देत, पळायचंय कुणाला, ताकद बघ. एवढ्यावर थांबला असता तर तो धाकटा कसला? गिऱ्हाइकासमोर म्हणाला, "दादाच्या डोक्याला गंज चढलाय." लाकूडवाला खो खो हसला. थोरला हसला नाही. त्याने पाना खाली ठेवला, रंगाचा डबा आणला आणि गुडघ्यावर बसून पट्टा मारला.

तेव्हापासून निरोप पोचवायचे ते वहिनीने. ती पट्ट्यावरच टेबल टाकून सुट्या भागांचा हिशोब बघायची. "भाऊजी, हे विचारतायत, ग्रीसचा डबा कुठंय?" "त्यांना सांगा, त्यांच्या मागे." थोरला चार पावलांवर उभा, त्याला सगळं ऐकू येतंय, तरी वहिनीने मान वळवून "तुमच्या मागे" म्हटल्याशिवाय गडी वळायचा नाही. फक्त आकडे पोचवायला तिने साफ नकार दिला होता. "त्या आकड्यांनीच माझ्या घराचं वाटोळं केलंय. पुन्हा माझ्या तोंडी घालू नका," असं तिने दोघांना बजावलं होतं.

अशातच आत्या जीप घेऊन आली. आत्या डोंगरावर राहायची आणि मधमाश्या पाळायची. बाई धिप्पाड, आवाज त्याहून धिप्पाड. तिने जीपला भलेमोठे टायर बसवून घेतले होते आणि आता जीप चढावर हलायचं नाव घेत नव्हती.

"दोन्ही ॲक्सलच्या जोड्या बदला," तिने सांगितलं. "पेट्या घेऊन खडकावरून चढायचंय मला. आणि मेल्यांनो, तुमची ती थेरं माझ्या गाडीत नकोत."

थेरं नकोत म्हणे! जीप पट्ट्यावर उभी राहिली, आणि त्याच दुपारी वहिनी धाकट्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "भाऊजी, ही जीप झाली की हे आपली हत्यारं उचलणार. पलीकडच्या रस्त्यावर शेड बघून ठेवलीय."

"जाऊ दे की," धाकटा म्हणाला. "जागा मोकळी होईल."

म्हणाला खरा, पण नजर पट्ट्यापलीकडे गेली. पाना धरायला त्याला शिकवलं होतं थोरल्याने. पहिल्यांदा जॅक सुटला तेव्हा कॉलर धरून गाडीखालून बाहेर ओढलं होतं थोरल्याने. तो माणूस समोर तोंड फुगवून का होईना, पण आहे, हे रोज सकाळी शटर उघडताना बरं वाटायचं. आता तोही नसणार. जाऊन "दादा, राहा" म्हणावं, तर जीभ उचलेना. आधी बोलेल तो चुकला, असं ठरल्यासारखंच होतं, आणि धाकट्याला मेला तरी चुकायचं नव्हतं.

मग त्याने काय केलं? मागच्या ॲक्सलसाठी वहिनीला न सांगता परस्पर जोडी मागवली ती चार-छप्पन्नची. थोरल्याची लाडकी! मधाच्या पेट्या, खडकाळ चढ. त्याचं मन अठ्ठ्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी म्हणून टाहो फोडत होतं. तरी दात-ओठ खात त्याने छप्पन्न बसवली. पुढे दादाने तीच बसवली असणार, यात शंकाच नाही. दोन्हीकडे सारखीच पाहिजे, नाहीतर पुढची चाकं एका वेगाने आणि मागची दुसऱ्या वेगाने फिरायची, एवढं कुणालाही कळतं. कधीतरी दादा मागे डोकावेल, समजेल त्याला, असं धाकट्याला वाटत होतं. डोकावतोय कसला! थोरला चार दिवस जीपच्या नाकाखाली उताणा पडून होता.

जीप तयार झाली. धाकट्याने रस्त्यावर फिरवून आणली, लोण्यासारखी चालली. चालणारच, रस्त्यावर मागचीच चाकं गाडी ढकलतात. पुढच्या चाकांना कामाला लावणारा फोर-व्हीलचा लिव्हर मात्र कुणी हलवून बघितला नाही. तो बरोबर पट्ट्यावर येत होता ना! धाकट्याला वाटलं, तो दादाचा. थोरल्याला वाटलं, तो ह्याचा. दोघांच्या मध्ये घोडं अडलं आणि कुणाला पत्ताच नाही.

आत्या गाडी न्यायला आली ती माश्यांनी भरलेल्या पेट्या घेऊनच. "दोघेही बसा," तिने हुकूम सोडला. "वरपर्यंत चला. बिघडली तर कुणाच्या हातचं आहे ते जागच्या जागी कळेल."

थोरला पुढे तिच्या शेजारी बसला, धाकटा मागे पेट्या धरून. खडकाळ चढ सुरू झाला तशी आत्याने लिव्हर ओढून फोर-व्हील लावली. आणि मग जे काही झालं, ते विचारू नका. मागची चाकं म्हणाली पुढे चला, पुढची म्हणाली एवढी घाई कशाला. खाड! जीप उडाली. खाड! पुन्हा उडाली. पेट्यांमधून असा काही गुणगुणाट उठला की धाकट्याच्या अंगाला घाम फुटला. आत्याला वाटलं गाडीला जोर कमी पडतोय, म्हणून तिने ॲक्सिलरेटर आणखी दाबला. एका पेटीचं झाकण सरकलं.

"दादा!" धाकटा किंचाळला. "दादा, लिव्हर काढ!"

थोरल्याने लिव्हर ओढला. हलेना. "आत्या, थांब! जरा मागे सोड!" गाडी हातभर मागे आली, ताण सुटला, लिव्हर खटकन सुटला. तिघेही उड्या टाकून खाली उतरले आणि एका झुडपामागे जाऊन बसले. थोरल्याच्या कानाला तेवढ्यात एक माशी चावली होती.

कान चोळत तो धाकट्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मागे कितीची घातलीस?"

"छप्पन्न."

"तू? छप्पन्न?"

"तुला आवडते म्हणून," धाकट्याचा आवाज चिरकला. "म्हटलं, तुझं ऐकलेलं बघून तरी जायचा नाहीस. पुढेही तीच असणार ना?"

थोरल्याने कपाळावर हात मारून घेतला. "पुढे अठ्ठ्याऐंशी आहे, गाढवा!"

"अठ्ठ्याऐंशी? तू तर तिच्या नावाने बोटं मोडतोस!"

"मोडतो. पण म्हटलं, जाता जाता एकदा ह्याचं ऐकावं. मागे तू तीच घालणार, दुसरी कुठली घालतोस?" थोरला दुसरीकडे बघायला लागला. "त्या दिवशी बोललास ते फार लागलं रे मला."

"चुकलं माझं, दादा," धाकटा म्हणाला. म्हणून टाकल्यावर त्याला वाटलं, अरे, एवढंच होतं? आणि त्याला चक्क रडू आलं.

आत्याला मात्र पाझर फुटला नाही. तिने माश्या शांत झालेल्या पाहिल्या, झाकण नीट बसवलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "रडून झालं असेल तर सांगा, आता कुठली ठेवायची?"

"अठ्ठ्याऐंशी," थोरला म्हणाला. "ह्या चढाला तीच पाहिजे. ह्याचं बरोबर होतं."

"काहीतरीच काय! छप्पन्न ठेव," धाकटा डोळे पुसत उसळला. "रस्त्यावर काय झकास पळते ती. मी चालवून बघितलीय."

"तुला चढ दिसतोय का? डोळे आहेत का फुटलेत?"

"पण मी छप्पन्न म्हणतोय ना, तुझीच तर म्हणतोय!"

"माझी असली म्हणून काय झालं? मूर्खासारखं बोलू नकोस!"

"अरे, गप्प बसा!" आत्याने खडकावर हात आपटला. "आणि तू रे थोरल्या, तू तर दुसरीकडे चाललास म्हणे. हे कोण निस्तरणार? किती वेळ लागेल, तेवढं सांग."

थोरल्याने धाकट्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. कान सुजून लाल झाला होता.

"ह्याच्याबरोबर?" तो म्हणाला. "जन्म जाईल, आत्या."