आतून ओला

मित्रांनो, नाकाला रुमाल लावायचा असेल तर आधीच लावून घ्या. मी एक जुना बूट आहे, डाव्या पायाचा, आणि मला वास येतो. उजवा माझ्या शेजारीच पडला आहे, पण त्याला बोलायची हौस नाही. शिवाय जे घडलं त्याची लाज त्याला माझ्याहून जास्त वाटते. म्हणून दोघांचं मीच सांगतो.

आमचा जन्म कारखान्यात झाला. एका यंत्राने चामडं कापलं, दुसऱ्याने शिवलं, तिसऱ्याने पोटाला गरम डिंकासारखं काहीतरी फासून खाली सोल चिकटवला. वरून जाड चामडं, आत लोकरीसारखं मऊ अस्तर. थंड जागी काम करणाऱ्यांच्या पायाची बोटं गारठू नयेत म्हणून हे अस्तर असतं. ऊब धरून ठेवणं हे त्याचं काम. पण ते पाणीही तसंच धरून ठेवतं. एकदा भिजलं की सोडायचं नाव घेत नाही.

ज्या कंपनीने आम्हाला विकत घेतलं तिथे भाज्या गोठवून पिशव्यांत भरायचे. कंपनीला दोन फाटकं होती. एका फाटकातून आत गेलं की धुलाई. तिथे सकाळच्या पाळीत बायका मोठ्या हौदांवर उभ्या राहून मटार, मका, गाजरं धुवायच्या. जमिनीवर सतत पाणी. दुसऱ्या फाटकातून आत गेलं की थंड खोल्या. तिथे दुपारच्या पाळीतल्या बायका बर्फासारख्या कडक झालेल्या पिशव्या रचायच्या. धुलाईवाल्यांना गमबूट मिळायचे, थंड खोलीवाल्यांना आम्ही. वर्षाला एक जोड.

मी ज्या मुलीच्या वाट्याला आलो ती घरातली धाकटी. थोरला भाऊ रंगारी, भावजय धुलाईत कामाला, आणि ही नुकतीच थंड खोलीत लागलेली. मला घरी आणलं त्या दिवशी तिने मला टेबलावर ठेवलं. भाऊ म्हणाला, "आता जेवायचं कुठे? बुटांच्या मांडीवर?" ती म्हणाली, "दादा, हात लावू नकोस, तुझ्या बोटांना रंग असतो." मित्रांनो, एवढा मान मला पुन्हा मिळाला नाही.

थंड खोलीच्या फाटकावर एक पद्धत होती. बायका चपला घालून यायच्या आणि बूट पिशवीतून आणायच्या. आत कपाटं नव्हती, म्हणून बूट रोज घरी न्यावे लागत. फाटकावर रांग लागायची आणि मुकादम प्रत्येकीच्या बुटात कोपरापर्यंत हात घालून बघायचा. आत ओल असली तर सोडायचा नाही. कारण पूर्वी एक बाई ओल्या बुटांनी आत गेली होती आणि तिच्या पायाची बोटं काळी पडली होती. पद्धत चांगलीच होती. मुकादमाला बायका मागून थर्मामीटर म्हणायच्या. तो माझ्यात हात घालायचा, बोटं शेवटपर्यंत नेऊन चाचपायचा आणि म्हणायचा, "कोरडा खडखडीत. जा." मला फार बरं वाटायचं. कोरडं असण्यात काही कर्तबगारी आहे असं मला तेव्हा वाटत होतं.

मग वहिनीचा एक गमबूट फाटला. मोडक्या क्रेटचा खिळा घुसला आणि टाचेपासून वरपर्यंत उभा चिरला. ती सामान वाटणाऱ्या खिडकीवर गेली. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "वर्ष भरलं नाही अजून, बाई."

"अहो, खिळ्याला कुठे कॅलेंडर कळतं?" वहिनी म्हणाली.

"मग स्वतःचा आणा."

घरी आल्यावर धाकटी म्हणाली, "माझे घालून जा की. सकाळी नुसते पडून तर असतात. आपला पाय एकाच मापाचा आहे."

"आणि दुपारी तुम्ही काय घालाल, वन्सं?"

"तोवर वाळवू."

"असं बोलताय जसा काही रुमालच वाळवायचाय."

पण दुसरा मार्ग नव्हता. त्या दिवसापासून आमची दोन आयुष्यं सुरू झाली. सकाळी वहिनीच्या पायात हौदाशेजारी, दुपारी धाकटीच्या पायात थंड खोलीत. गमबुटात पाणी शिरत नाही. आम्ही चामड्याचे, आमच्या लेसांच्या भोकांतून पाणी सरळ आत. दुपारी वहिनी घरी यायची तेव्हा आम्ही चालताना पचपच आवाज करायचो. जिन्यात शेजारी भेटले की ती टाचा न टेकता चालायची.

घरात शिरली की दार बंद, रस्त्याकडची खिडकीही बंद. दोन बायकांत एक जोड आहे हे कोणाला दिसू नये म्हणून. मग दोघी कामाला लागायच्या. आधी आम्हाला उलटं धरून पाणी झटकायचं. लेस पूर्ण काढायच्या. जीभ बाहेर ओढायची. तळव्याखालच्या आतल्या पट्ट्या काढून वेगळ्या वाळत घालायच्या. जुन्या टॉवेलने आतून दाबून दाबून पाणी टिपायचं. मग वर्तमानपत्राचे बोळे, घट्ट नाही, सैल, अगदी बोटांच्या टोकापर्यंत. ते भिजले की काढायचे, नवे भरायचे. ते भिजले की पुन्हा. शेवटी आम्हाला स्टुलावर आडवं ठेवून आमच्या तोंडासमोर पंखा. घरात पंखा एकच होता.

"मी माणूस आहे की बूट?" दादा घाम पुसत म्हणायचा. "बुटाला वारा, मला घाम."

"तुम्ही पण पाण्यात उभे राहा, तुम्हालाही लावते," वहिनी म्हणायची.

हसायचे तिघं. मी नाही हसायचो. आधी नव्या चामड्याचा छान वास यायचा मला, आता कुबट यायला लागला होता. धाकटी मला पिशवीत घालून वर गाठ मारायची, वास बाहेर येऊ नये म्हणून. आणि मी कधीच पूर्ण वाळायचो नाही. टोकाला, जिथे करंगळी येते, तिथे ओल राहायचीच. मुकादमाचा हात तिथपर्यंत जायचा. मला त्याची बोटं थांबलेली कळायची. हात बाहेर यायचा तेव्हा बोटांना वर्तमानपत्राची काळी शाई लागलेली असायची. तो ती पँटला पुसायचा आणि म्हणायचा, "कोरडा. जा."

त्याला माहीत होतं. मला त्याच्या खोटेपणाचा आधार वाटायचा आणि त्या आधाराची लाजही वाटायची.

त्यात धाकटीच्या कायम होण्याची गोष्ट निघाली. कंपनीच्या साहेबांनी सांगितलं होतं, हा महिना एकही खाडा न करता आलीस तर तुला कायम करू. त्या घरात आजवर कोणीच कुठे कायम नव्हतं. दादा भिंत रंगवायला मिळेल त्या दिवशी रंगारी आणि न मिळेल त्या दिवशी रिकामा. म्हणून घरात रोज तोच विषय. धाकटीला शिंक आली तरी वहिनी काढा करून द्यायची.

महिना संपत आला होता. त्या दुपारी वहिनी उशिरा आली, हौद तुंबला म्हणून थांबवून घेतलं होतं. आम्ही नुसते भिजलो नव्हतो, भरलो होतो. आणि घरात वीज नव्हती. पंखा मेलेला. वहिनीने पट्ट्या काढल्या, बोळे भरले, एकदा बदलले, आणि घड्याळाकडे बघून तिचा चेहरा उतरला.

दादा घरीच होता. त्याने आम्हाला उचललं. "इकडे द्या. ओली भिंत मी शेगडी लावून तासाभरात वाळवतो. भिंत वाळते तर बूट का नाही वाळणार?"

त्याने गॅसवर कढई उलटी घातली आणि आम्हाला तिच्यावर ठेवलं.

मित्रांनो, त्याचा हेतू वाईट नव्हता. बहिणीसाठीच धडपडत होता तो. पण भिंतीची ओल वरून उडून जाते. बुटाची ओल पोटात असते. माझं चामडं आकसलं, कडक झालं, वरून असं कोरडं दिसायला लागलं की नवाच वाटावा. सोलाचा डिंक पातळ होऊन कडेने बाहेर आला आणि सोल पुढून सुटला. आत अस्तर होतं तसंच ओलं. फक्त आता ते गरम ओलं होतं.

"बघ! ठणठणीत," दादा म्हणाला.

धाकटीने वरून हात फिरवला, पिशवीत घातलं आणि पळत सुटली. पट्ट्या घरीच राहिल्या.

फाटकावर रांग होती आणि मुकादमाच्या शेजारी साहेब उभे होते. ते तिथे कधी येत नसत. मुकादमाने माझ्यात हात घातला. बोटं टोकापर्यंत गेली आणि थांबली. मी वाट बघत होतो. रोजच्यासारखं म्हणेल, कोरडा, जा.

साहेबांनी मला वरून टकटक वाजवून पाहिलं. "कोरडा दिसतोय."

मुकादमाने हात बाहेर काढला. हाताला वाफ येत होती आणि बोटांवरून पाणी ओघळत होतं. आता तो तरी काय म्हणणार? "वरून कोरडा आहे साहेब. आतून ओला." आणि मग, आपण फार कडक आहोत हे दाखवायला असेल, मोठ्याने म्हणाला, "काय गं, बुटात काय कपडे भिजत घातले होतेस?"

रांग हसली.

धाकटी खाली बघत म्हणाली, "माझ्या पायांना घाम येतो."

"एवढा?" साहेब म्हणाले.

"हो. लहानपणापासून."

"घाम कसला, नळ आहे नळ!" मागून कोणीतरी ओरडलं आणि रांग पुन्हा हसली. माझा सुटलेला सोल जिभेसारखा लोंबत होता. मला वाटलं, ही जमीन फाटावी आणि मी तिच्यात जावं. तिच्या पायांना कधी घाम आला नव्हता. थंड, कोरडे, बारीक पाय होते तिचे. ते पाणी माझं होतं आणि ती ते स्वतःच्या नावावर घेत होती.

"डॉक्टरला दाखव," साहेब म्हणाले. "मुकादम, आजचा खाडा लावा."

तेवढ्यात वहिनी धापा टाकत आली. हातात माझ्या दोन पट्ट्या. "वन्सं, ह्या राहिल्या घरी..." मग तिने धाकटीचा चेहरा पाहिला. मागची एक बाई अजून हसत होती, "घामाची धार लागलीये तुझ्या नणंदेला!"

"कसला घाम?" वहिनी म्हणाली. "हे पाणी धुलाईचं आहे."

"वहिनी, गप."

"का गप? साहेब, सकाळी हेच बूट घालून मी तुमची भाजी धुते. माझा गमबूट तुमच्या क्रेटच्या खिळ्याने फाटला. खिडकीवर गेले तर म्हणाले, वर्ष भरू दे. मग पाय काय घरी ठेवून येऊ?" मग ती मुकादमाकडे वळली. "आणि तुम्ही हो? रोज हात घालता. रोज बोटांना पेपरची शाई लागते. तुम्हाला काय वाटलं, ही बुटात बसून पेपर वाचते?"

कोणी हसलं नाही. मुकादमाने हात खिशात घातला.

साहेबांनी माझा लोंबता सोल बोटाने वर दाबून पाहिला. मग म्हणाले, "दोघींनी एक जोड वापरणं नियमात बसत नाही." खाडा तसाच राहिला. महिनाभर जपलेलं सगळं एका दुपारी गेलं.

घरी जाताना धाकटी भर रस्त्यात थांबली. "चारचौघांत लाज काढलीस माझी."

"मी काढली? पायांना घाम येतो म्हणालात, ते काय होतं मग?"

"ते माझं मी बोलले होते. मला चाललं असतं."

"मला नसतं चाललं," वहिनी म्हणाली.

मी पिशवीत होतो. गाठ मारायलाही कोणाला सुचलं नव्हतं.

दादाने काय झालं ते ऐकलं आणि कढईकडे बघत बसला. मग कोणी न सांगता आम्हाला घेऊन मोच्याकडे गेला. मोची म्हणाला, "कोणत्या गाढवाने भाजला हा?" दादा म्हणाला, "मीच तो." मोच्याने सोल जाड दोऱ्याने शिवून दिला. दुसऱ्या दिवशी वहिनी फाटक्या गमबुटाला प्लास्टिकची पिशवी बांधून कामावर गेली, तर खिडकीवरच्या माणसाने गमबुटांची नवी जोड पुढे सरकवली. चूक झाली, असं कोणी म्हणालं नाही. वर्ष मात्र अजूनही भरलेलं नव्हतं.

दुपारी धाकटी मला घेऊन रांगेत उभी राहिली. आज मी कुठेच भिजलो नव्हतो. तिची पाळी आली तशी मुकादमाने हात हलवला, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "जा, जा."

ती हलली नाही. "हात घाला."

"राहू दे गं. असेल कोरडा."

"असेल नाही. घालून बघा."

मागे रांग खोळंबली. त्याने हात घातला. टोकापर्यंत नेला, करंगळीच्या जागी चाचपलं. "कोरडा," तो पुटपुटला.

"काल ओला म्हणालात ते रांगेच्या मागच्या टोकापर्यंत ऐकू गेलं होतं," धाकटी म्हणाली. "आजही जाऊ दे."

मुकादमाने मान वर केली. "कोरडा आहे!"

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ती बूट चढवून आत गेली. पुढे उशिरा का होईना ती कायम झाली, तिला नवी जोड मिळाली आणि आम्ही दादाकडे आलो. त्याचा पाय मोठा, म्हणून तो आमच्या टाचा चेपून आम्हाला घालतो आणि भिंती रंगवतो. आमच्यावर आता घरोघरच्या भिंतींचे शिंतोडे आहेत. तरी त्या रांगेतलं हसू आठवलं की अजून माझं चामडं आकसतं.

मित्रांनो, तुमचे बूट भिजले तर त्यांना शेगडीवर, कढईवर ठेवू नका. लेस काढा, पट्ट्या काढा, कागदाचे बोळे भरा, भिजले की बदला, आणि वारा द्या. घाई असली तर बोळे जास्त वेळा बदला, आच वाढवू नका. एवढं केलंत तर आम्ही पुष्कळ वर्षं टिकतो. आणि कधी कोणाच्या बुटातून पाणी निघालं, तर तुम्ही रांगेत कुठेही उभे असा, हसायच्या आधी विचारा, हे पाणी कुठलं आहे.